अण्णांच्या खोलीचं दार

दार मी लोटलं होतं.

आज वर्ष झालं. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, माझे वडील हार्ट अटॅकनं गेले. ते खरंच आहे. पण पूर्ण नाही.

महालक्ष्म्या चार दिवसांवर होत्या. मी वर्क फ्रॉम होम घेऊन तीर्थपुरीला आई-अण्णांकडे आले होते.

घरातली दारं अण्णा दरवर्षी स्वतःच रंगवायचे. पेंटर हात चोरतो, हे त्यांचं ठाम मत. तलाठी म्हणून रिटायर झालेला माणूस, चौकटीच्या कोपऱ्यातही चूक काढायचा.

त्यांचा तो नेहमीचा हिरवा रंग मला कधीच आवडला नाही. हट्ट करून मीच क्रीम कलरचा ऑइल पेंट आणला. त्यांनी पॉलिश पेपरनं आपल्या खोलीचं दार घासलं आणि पहिला हात मारला. दार नुसतं चमकत होतं.

"दार लोटू नको माय," खाटेवर आडवं होता होता म्हणाले. "हवा पावसाळी हाय, रंग वल्लाच हाय. चिटकलं तर निघायचं न्हाई."

मी बरं म्हणाले.

तीनला माझी मीटिंग होती. वासानं डोकं दुखायला लागलं, म्हणून मी दार ओढून घेतलं. घट्ट.

थोड्या वेळानं आतून टकटक ऐकू आली.

मला वाटलं, उठले असतील आणि डब्याचं झाकण ठोकून बसवत असतील. काम झालं की ते नेहमी पान्यानं ठोकायचे.

मी म्यूट केलं आणि ओरडले, "अण्णा, टकटक बंद करा ना जरा. मीटिंग चालू आहे."

टकटक थांबली.

माझं किती ऐकतात, असं वाटून मला बरंही वाटलं.

आई बाजारातून आली, चहा ठेवला आणि त्यांना उठवायला गेली. दार निघेना. दोघींनी खांदा लावला तेव्हा रंग फाटत फाटत दार उघडलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

अण्णा दाराशेजारी भिंतीला टेकून बसले होते.

रंगाचा डबा खिडकीखाली होता. उघडाच.

डॉक्टर म्हणाले, अटॅक मोठा होता, पाच-दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. ते वाक्य मी वर्षभर धरून बसले आहे. तरी मीटिंगमध्ये कुणी टेबलावर पेन आपटलं, की मला पुढचं काही ऐकू येत नाही.

टकटकीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा. काल सांगितलं.

गहू निवडता निवडता तिनं एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "ह्यांनी हाक न्हाई मारली का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"मारली आसती तर तू उठली आसती. तेवढंबी जमलं न्हाई त्यांना."

मग माळ्यावरून तोच डबा काढून माझ्यापुढं ठेवला. "दुसरा हात राह्यलाय दाराचा. मारून घे."

आज सकाळी डब्यातली जाड साय काढली आणि ब्रश घेतला. जिथं रंग फाटला होता, तिथं खालचा हिरवा दिसत होता. मला वाटलं होतं, तो झाकला जाणार नाही. एका हातात झाकला गेला. मी तिथंच बसून रडले.

श्रद्धांजली वाहायची माझी हिंमत नाही, अण्णा.

दाराला वीट लावून ठेवली आहे. लॅपटॉप बंद आहे.

आता टकटक करा. मी उठते.