लोणावळ्याच्या फलाटावरचा चौथा कागद

लोणावळ्याच्या फलाटावरच्या लाकडी फळीवर रेल्वेची रंगीत चित्रं चिकटवायचं काम माझ्याकडं होतं. गाडीतल्या मुंबईकरांनी ती बघावी आणि हवा खायला हितंच उतरावं, म्हणून ती छापून यायची. शाळा माझी दोन यत्ता, त्यातही गुरुजींशी भांडण. चित्रावरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. पण एक चित्र चार कागदांत यायचं, आणि ते असं जुळवायचो की सांधा शोधून सापडायचा नाही. खळ माझी घरची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवायचे, किडा लागू नये म्हणून वर चिमूटभर मोरचूद. मावळच्या पावसात चार महिने भिजून माझा कागद कधी सुटला नाही. हे मी फलाटावर ज्याला त्याला ऐकवायचो.

एका वर्षी कार्ल्याच्या लेण्यांचं चित्र आलं. खालच्या डाव्या कागदावर, लेण्याच्या तोंडाशी, देवीआईचं देऊळ. बोटाएवढंच, पण कळस ओळखू यायचा. कुसगावची एक मावशी फलाटावर करवंदं विकायची. तिनं पहिल्याच दिवशी देवळाला कुंकू लावलं. मग सगळ्याच विकणाऱ्या बाया पाटी उतरवायच्या आधी तिथं हात लावायला लागल्या. मीही लावायचो. माझ्या थोरल्याचं जावळ त्याच देवळात काढलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात नवीन चित्र आलं. धबधबा आणि छत्रीवाली मडम. स्टेशनमास्तर म्हणाले, "दुपारच्या गाडीनं मोठे साहेब येताहेत. त्याआधी हे जुन्यावर चढव."

नवा कागद नेहमी जुन्यावरच चढायचा, तीच रीत. ब्रश खळीत बुडवला आणि हात थांबला. आईच्या तोंडावर खळ फासायची?

"मास्तर, जुनं आधी काढतो."

"काढ की. पण गाडी यायच्या आत फळी भरलेली पाहिजे. नाहीतर उद्यापासून ब्रश दुसऱ्याच्या हातात."

मालगाडीचं इंजिन उभं होतं. ड्रायव्हरकडून बादलीभर कढत पाणी आणलं, फडकं भिजवून कागदावर दाबलं. कागद ढिम्म हलला नाही. फलाटावरचा हमाल बिडी ओढत उभा होता. तो म्हणाला, "तुजी खळ म्हंजे घरजावई हाय. एकदा बसला, आता कुटं उटतोय?"

मी सुरी घातली. वरचा कोपरा लगद्यासारखा हातात आला. मावशी मागून ओरडली, "आरं, कळसाला चीर जाईल! हात आवर!"

सुरी खाली ठेवली. तेवढ्यात सिग्नल पडला.

मग मी झपाट्यानं नव्या चित्राचे तीन कागद चढवले. वरचे दोन आणि खालचा उजवा. चौथा गुंडाळी करून काखेत मारला. मडमेला कमरेखाली अंग राहिलं नाही. तिथं कुंकवानं लाल झालेलं आईचं देऊळ.

गाडी आली. घाट चढवणारं मागचं इंजिन सोडेपर्यंत ती थांबायची. साहेब उतरले, थेट फळीसमोर आले. इंग्रजीत काहीतरी बोलले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

"चौथा कागद कुठाय विचारताहेत."

मी काखेतला काढून दाखवला.

"मग लाव ना! माझ्या नोकरीवर गदा आणतोस का?"

"मी न्हाई लावणार, मास्तर."

"अरे, गाडी सुटायच्या आत लाव म्हणतोय!"

बाया पाट्या सोडून उभ्या राहिल्या. मावशी हळूच म्हणाली, "लाव, बाबा. आई समजून घील. घरात खाणारी तोंडं हायेत." खरं सांगतो, त्या वेळी मन डगमगलं. पण सगळे बघत होते, आणि माझा स्वभाव वाईट. मी ब्रश मास्तरांपुढं धरला. "तुमी लावा."

त्यांनी तो घेतला नाही. गाडीनं शिट्टी दिली, साहेब डब्यात चढले.

दुसऱ्या दिवशी मला कान्ह्याकडं रुळांच्या गँगवर पाठवलं. खडी ठोकायची, उन्हात. माझ्या जागी आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी चौथा कागद लावला. गव्हाच्या पिठाची खळ होती म्हणे त्याची.

त्या पावसाळ्यात मावशी कान्ह्याच्या स्टेशनवर उतरली आणि रुळाकडेनं मला शोधत आली. चिंब भिजलेली. "आरं, त्याचा कागद गळून पडला! आई तशीच हाय, कळससुद्धा! येतूस का बघायला?"

"न्हाई," मी म्हणालो.

"आसा कसा रं तू?"

"खळ कुणाची हाय, मावशी? त्यात बघायचं काय?"

ती गेल्यावर मुकादम ओरडेपर्यंत मी घण हातात धरून तसाच उभा होतो.