भागीरथीबाईचे दिवस

ठाण्याला कौपिनेश्वराच्या मागच्या आळीत भाऊ मास्तरांचं घर होतं, आणि त्या घरात स्वयंपाक कोणी करायचा हे कावळा ठरवी. मास्तरांची बायको भागीरथी बाहेर बसली की सारं सोवळं-ओवळं सासूबाईंच्या गुडघ्यांवर येई. कित्येक वर्षं हा कावळा कचेरीतल्या कारकुनासारखा नेमानं आला. भागीरथीनं चाळिशी ओलांडली आणि त्याची शिस्त बिघडली. कधी पंधरवड्यात दोनदा शिवे, कधी अख्खा उन्हाळा फिरकत नसे. सासूबाई म्हणत, "त्या मेल्याला कुणीतरी पंचांग दाखवा गं!"

भागीरथीला हसू येत नसे. तिची झालेली मुलं दात यायच्या आतच गेली होती, आणि आता सासूबाईंनी कल्याणची एक मुलगी हेरली होती. सुमती तिचं नाव, वय अकरा. मास्तर पन्नाशीचे. मास्तर शाळेत व्याकरण शिकवीत, परंतु घरी आईच्या वाक्यातलं क्रियापद बदलण्याचं धाडस त्यांनी कधी केलं नव्हतं. "तू म्हणशील तसं," एवढंच ते म्हणाले. मार्गशीर्षात बार उडवायचं घाटत होतं. भागीरथीला सवत येणार होती, आणि तिची वेणी भागीरथीलाच घालावी लागणार होती.

श्रावणात कावळा आला नाही, भाद्रपदातही नाही. सासूबाईंनी चेंदणीच्या कोळीवाड्यातून आवडाबाई सुईणीला बोलावलं. आवडाबाईनं मागच्या पडवीत भागीरथीचं पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या.

"अंगातून वाफा निंगतात?"

"निघतात."

"झोप?"

"लागत नाही."

"माज्या थोरल्या भनीचं असंच जालं." आवडाबाई उठली. सासूबाई शिवाशिव नको म्हणून नऊवारीचा सोगा आवरून लांब उभ्या होत्या. त्यांना तिनं सांगितलं, "म्हातारे बाय, सूनबायचं दिवस गेलं."

भागीरथीनं बरोबर ऐकलं. सासूबाईंनीही बरोबरच ऐकलं; फक्त ऐकताऐकता कोळणीची विभक्ती दुरुस्त करून घेतली. 'सूनबाईचे दिवस गेले' म्हणजे सगळं आटोपलं. 'सूनबाईला दिवस गेले' म्हणजे घरात पाळणा. कोळीवाड्यात 'चे' आणि 'ला' यांचा पाचपोच तो कुठला असायला! त्यांनी आवडाबाईच्या पदरात वरून गुळाचा खडा टाकला. बायकांचं सरलं तरी तोंड गोड करतात, भटांची रीतच उफराटी, असं मनाशी म्हणत आवडाबाई गेली.

संध्याकाळी मास्तरांनी शास्त्राधार दिला. "बोलीत चतुर्थीच्या जागी षष्ठी येते, आई. तिला 'ला'च म्हणायचं असणार." मग वळून बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, तो पाटा उचलू नकोस."

एका अक्षराचं काम होतं. भागीरथीनं ते उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी कल्याणला निरोप गेला, की तूर्त थांबावं. मार्गशीर्ष टळू दे, मग सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं.

पण ती देवाला भिणारी बाई होती. सगळ्या घराशी खोटं वागायचं म्हणजे त्याचं प्रायश्चित्त हवं. सोमवारी ती निर्जळी राही, एरवी एकवेळ, आणि तेही कुणाला न कळता. इकडे सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच विचारायला सुरुवात केली होती, "काय खावंसं वाटतं गं तुला?" घारगे झाले, भाजणीचे वडे झाले, साखरभात झाला. भागीरथी पदराआड ते घेऊन गोठ्यात जाई. गाय बाळसं धरू लागली.

तिला कोरड्या उलट्या होत. त्याचं खापर तिनं उपासांवर फोडलं. कार्तिकात एकदा ओटीपोटात मासळी वळावी तसं काहीसं वळलं. तो वात, असं तिनं ठरवलं. मुलांच्या वेळचं असं वळणं तिला नवं नव्हतं. पण खोटं बोलणाऱ्या बाईच्या पोटात खरं काही असेल, हे तिच्या मनात कसं यावं?

मार्गशीर्ष लागला आणि एका सकाळी तिला कपड्यावर दिसलं. तिला सुटल्यासारखंच वाटलं. आला बाई कावळा, आता खोटं आपोआप मिटेल. घोंगडी घेऊन ती पडवीत जाऊन बसली. पण कळा थांबेनात, घोंगडी भिजली. सासूबाईंनी दारातून पाहिलं आणि हंबरडा फोडला. मग सोवळ्यातल्या त्या म्हातारीनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. थेट पडवीत येऊन तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

आवडाबाई आली. तिनं सासूबाईंना पाणी तापवायला पिटाळलं. मग तिनं काहीतरी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं.

"सूनबाय, मी चुकले. तुजं दिवस गेलं नव्हतं. तुला गेलं व्हतं."

भागीरथीनं त्या फडक्याकडे मान वळवली.

"या वयात कावला लपंडाव खेलतो, बाय. आला नाय म्हंजे सरलंच असं नसतं. मीच घाई केली."

"मी उपास करत होते," भागीरथी म्हणाली. "निर्जळी."

"त्यानं नाय गेलं. या वयात लागलं तरी फल टिकत नाय. तू तुपात न्हाली असतीस तरी जायचं ते गेलंच असतं."

आवडाबाईचं पहिलं म्हणणं भागीरथीला लगेच पटलं होतं, आणि ते चूक निघालं. आताचं खरं असावं. पण ते काही तिला पटेना.

आळीतल्या बायका येऊन हळहळून गेल्या. मास्तर दोन दिवस शाळेत गेले नाहीत. ओसरीवर पुस्तक उघडून बसत आणि पान उलटत नसत. सासूबाई रोज सुनेच्या पायांना तेल चोळत.

"कल्याणला कळवलंय हो मी," एकदा चोळताचोळता त्या म्हणाल्या. "आमचं जमायचं नाही म्हणून. लेकरू जाऊन आठवडा झाला नाही, आणि सनई कसली वाजवायची? त्या पोरीला मिळेल दुसरं स्थळ. तू आता मनाला लावून घेऊ नकोस."

ज्याच्यासाठी सारं केलं ते पदरात पडलं होतं. भागीरथी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती उठून बसली.

"सासूबाई, मी तुमचं काही खाल्लं नाही. घारगे, वडे, सगळं गाईला घातलं. मी उपास करत होते."

म्हातारीचा हात थांबला. पुढचं सांगायला भागीरथीनं तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी तिच्या पाठीवर तेलकट हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"वेडी रे वेडी! बाळासाठीच ना गं?"

भागीरथीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.