ब्रेक नसलेली पिकअप

कापसाला कोणी विचारत नव्हतं त्या वर्षांत मी आणि माझ्या साळ्यानं घाटंजीहून एक भंगारातली पिकअप आणली. पैसे एकाच कामापुरते होते, इंजिन करा नाहीतर ब्रेक. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पयले ब्रेक करा." साळा उखडला, "गाडी चाललीच नाही, तं थांबवाची कायले?" मला हे फार शहाणपणाचं वाटलं. इंजिन बांधलं. उरलेल्यात मोठा हॉर्न बसवला आणि मागं लाल रंगात 'अंतर ठेवा' लिहून घेतलं. म्हणजे सांभाळायचं काम लोकांचं.

कापूस भरून, पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत खरेदी केंद्रावर पोचलो. गेटबाहेरच रांग होती. चाकाखाली दगड लावला. डिझेल वाचवायला सगळेच आपापल्या गाड्या ढकलून पुढं सरकवत होते, त्यामुळे आमचं इंजिनही बंदच. चौथ्या दिवशी आमचा नंबर आला आणि केंद्रावरच्या बाबूनं वजनकाटा बंद केला. "आत जागा नाही. पुढच्या हप्त्यात या."

माझं डोकं फिरलं. साळा गाडीला टेकून, बंद काट्याकडं बोट दाखवत थंडपणे म्हणाला, "भाऊजी, आपल्या गाडीचा ब्रेक सापडला. यायनं इथं बसवून ठेवला."