आदर्श पती रंगराव

हिवरा आश्रमच्या उत्सवात रंगरावने सलग दहा वर्षं पुऱ्या तळल्या. हजारो माणसं पंगतीला बसायची, ट्रॅक्टरवरून वाढप चालायचं आणि हा गडी घामाने निथळत कढईपुढे उभा असायचा. गावी परतला की पारावरची माणसं सरकून जागा द्यायची. "या आचारी, बसा!" म्हणायची. आता त्याच रंगरावने घरच्या ओट्यापाशी उभं राहून दोन भाकरी टाकल्या असत्या, तर तीच माणसं काय म्हणाली असती? बायल्या म्हणाली असती, दुसरं काय! म्हणजे कढईपुढे मर्द आणि वीतभर तव्यापुढे बायल्या. पुरुषपण भांड्याच्या मापावर ठरतं की काय, हे रंगरावला कधीच समजलं नाही. आपल्याला तरी कुठं समजलंय म्हणा.

पण न समजून भागतंय थोडंच? चार वर्षांपूर्वी विहिरीतली मोटर वर ओढताना त्याचा पाय घसरला आणि कंबरेचा मणका सरकला. चिखलीच्या डॉक्टरने फोटो उजेडापुढे धरून सांगितलं, चाला, उभे राहा, पण वाकायचं नाही आणि ओझं उचलायचं नाही. आता बोला! भाजीपाल्याची शेती आणि वाकायचं नाही! दीड एकराचा तुकडा, मेथी, पालक, वांगी, सगळं जमिनीलगतचं काम. मजूर लावायची ऐपत नव्हती. एकुलती एक मुलगी अर्पिता लग्न होऊन गेलेली. घरात उरले दोघंच, तो आणि सरस्वतीबाई.

पहिले आठ दिवस सरस्वतीबाईने शेतही केलं आणि स्वयंपाकही केला. नवव्या दिवशी संध्याकाळी ती पीठ मळता मळता परातीवरच झोपली. रंगरावने तिला हलवून उठवलं, बाजूला बसवलं आणि दार आतून लावून घेतलं. पहिली भाकर फाटली. दुसरी अशी झाली की तिला भाकर म्हणायला जीभ धजेना. पंगतीचा आचारी म्हणून मिरवणाऱ्या माणसाला साधी ज्वारीची भाकर येईना! महिनाभराने मात्र अशी टम्म फुगायला लागली की सरस्वतीबाई पाहतच राहिली.

"लोकायले काय सांगाचं?" त्याने विचारलं.

"काहीच नाही सांगाचं," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमाले बायल्या म्हणतीन अन् मले नवऱ्याले चुलीले लावलं म्हणतीन. कशाले पायजे?"

तेव्हापासून दोघांचं सोंग सुरू झालं. सकाळी रंगराव खांद्यावर फावडं टाकून ऐटीत पुढे चालायचा, सरस्वतीबाई डोक्यावर टोपलं घेऊन दहा पावलं मागे. शेताकडच्या पांदणवाटेचं वळण आलं की ती फावडं काढून घ्यायची. तो बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधायचा आणि ती उन्हात वाफे करायची, निंदायची, पाणी द्यायची. संध्याकाळी त्याच्या उलट. दार लावून तो भाकर थापायचा. पण थापण्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो आणि बाईने भाकर थापली की बांगड्या वाजतात, बिनबांगड्यांची थाप शेजारणीच्या कानाला लगेच कळते. म्हणून ही थकलीभागली बाई त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसायची आणि त्याच्या थापेबरोबर मनगट हलवून बांगड्या वाजवायची!

पलीकडून बेबीताई ओरडायच्या, "सरस्वते, लई हात चालते व माय तुझा!"

"चालाच लागते बाई!" ही आतून उत्तर द्यायची आणि दोघंही तोंडावर हात दाबून हसायची. लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा ती दोघं एवढी हसली नव्हती. खरं सांगायचं तर गरिबीत, दुखण्यात, ती चार वर्षं सुखाचीच गेली. बाजारात मात्र माल विकायचा तो "रंगरावची मेथी" म्हणूनच. मेहकरच्या बाजारात सरस्वतीबाई भाजी मांडून बसायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, रंगरावच्या मेथीची चवच न्यारी. तिला त्याचंही काही वाटत नव्हतं. निदान ती तसं दाखवत नव्हती.

मग फेब्रुवारीत गावातल्या सप्ताहाची पंगत आली आणि रंगरावच्या जिभेने घात केला.

झालं असं की, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायच्या रोडग्यांची कणीक मळायला माणूस कमी पडला. गावचे मुख्य आचारी महादेवराव. त्यांनी रंगरावला स्टुलावर बसवलं आणि कणीक पुढ्यात दिली. रंगरावने अशा सफाईने मळली, असे सारखे गोळे वळले की महादेवराव कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. पंगत उठली तेव्हा जो तो बोटं चाटत रोडग्यांचं नाव काढत होता.

"काय हात हाये राजा!" महादेवराव दहा माणसांत म्हणाले. "कुठं शिकला बे?"

कौतुक ही वाईट चीज. दारूपेक्षा लवकर चढते. रंगराव म्हणून गेला, "रोज घरी मीच करतो ना. चार वर्षं झाले, सरस्वतीच्या हातची भाकर मी खाल्लीच नाही."

सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले.  मेलो, आता हसतात, असं त्याला वाटलं. पण शाळेतले कुलदीप सर तिथे जेवायला आले होते. तरुण मास्तर, बोलायला धारदार. ते ताडकन उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "याला म्हणतात माणूस! याला म्हणतात समानता!" मास्तर वाजवतात म्हटल्यावर इतरांनीही वाजवल्या. ज्यांनी काल बायल्या म्हटलं असतं तेच टाळ्या वाजवत होते.

"म्हंजे शेतबी तूच पाहतं अन् घरबी?" महादेवरावांनी डोळे मोठे करून विचारलं.

इथे रंगरावने खरं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, आणि गेल्या चार वर्षांत कोणी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पाहा लागते."

बस्स. दोन शब्द. तेवढ्याने सरस्वतीबाईच्या चार वर्षांवर पाणी पडलं.

दुसऱ्या दिवशी नळावर बायांनी तिला घेरलं. "नशीब काढलं व माय तू! नवरा नाही, देव हाये देव. शेत करते, भाकरी करते. तू काय करतं मंग दिवसभर?" बेबीताई तर रुसूनच बसल्या. एवढी वर्षं भिंतीआडून आपण कौतुक केलं ते या बाईच्या हाताचं नव्हतंच, म्हणजे आपल्याला येडं बनवलं! लोणारच्या थोरल्या नणंदेचा फोन आला. "माह्या भावाले चुलीपुढं बसवलं, लाज नाही वाटली तुले?" बाजारात तर कहर झाला. एक ओळखीचं गिऱ्हाईक जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणालं, "बाई, रंगराव एकटा मरमर करते. तू बी जरासा हातभार लावत जाय."

ती जुडी तिच्याच हाताने पेरलेली, तिच्याच हाताने खुडलेली होती. पाण्याने आणि मातीने तिच्या टाचा अशा भेगाळल्या होत्या की चप्पल रुतायची.  तिने सुटे पैसे परत केले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

रंगराव गोंधळला. एवढा गोंधळला की त्याची भाकर पुन्हा फाटायला लागली. बाहेर पडावं तर लोक हात जोडतात, मास्तर फोटो काढतात, पारावर पहिली जागा मिळते. घरात यावं तर बायको ताटाला हात लावत नाही. त्याने सत्य तर सांगितलं होतं! बदनामी व्हायची तर त्याची व्हायची. मग मान त्याला आणि शिव्या हिला, हा कुठला न्याय? कंबर मोडल्यापासून आपण अर्धे पुरुष झालो असं त्याला आतून वाटायचं, आणि आता गाव म्हणत होतं, तू दीड पुरुष आहेस. खरा रंगराव नेमका केवढा, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी तो तिच्या उशाशी जाऊन बसला. "शिव्या मले पडाच्या होत्या, तुले काऊन पडल्या? मले खरंच समजून नाही राह्यलं."

सरस्वतीबाई उठून बसली. रडली नाही. रागाने तिचा आवाज मात्र कापत होता. "तुमी अर्धंच सांगितलं. तुमची भाकर सांगितली, माहं शेत खाऊन टाकलं. तुमी बाईचं काम केलं त गाव टाळ्या वाजवते. म्या चार वर्षं पुरुषाचं काम केलं, त मले कोणी पुसलं? उलट मी रिकामटेकडी झाली!"

"मंग आता काय करू?"

"सांगा बाकीचं अर्धं. भर लोकात सांगा."

 तिला काय माहीत, ते अर्धं त्याच्या छातीत अडकलं होतं. फावडं खांद्यावरून उतरलं, शेत आपण करत नाही हे गावाला कळलं, तर मग रंगराव म्हणजे कोण? माळकरी नाही, पुढारी नाही, पैसेवाला नाही. त्याच्याजवळ सांगायला तेवढं एक शेत होतं.

पण बाईचं जेवण तुटलं होतं. ते त्याला बघवेना. "सांगतो," तो म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो." त्या रात्री ती दोन घास जेवली.

आठ मार्चला शाळेच्या मैदानावर महिला दिन होता. आणि महिला दिनाला सत्कार कोणाचा? रंगरावचा! पाठीमागे फलक लावला होता, 'आदर्श पती'. पुढे सगळ्या बाया बसल्या होत्या. सरस्वतीबाई आली नव्हती. त्या आठवड्यात शेताची विजेची लाइन दिवसपाळीला होती, आणि लाइन असताना पाणी सोडून कोण येतं? सकाळी निघताना ती एवढंच म्हणाली, "लक्षात हाये ना?"

कुलदीप सरांनी शाल घातली, नारळ दिला, शेती सांभाळून चूल सांभाळणारा महापुरुष वगैरे पंधरा मिनिटं बोलले आणि माइक त्याच्या हातात दिला.  समोर पहिल्याच रांगेत महादेवराव बसलेले.

"शेत मी नाही करत," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाला, "शेत सरस्वती करते. चार वर्षं झाले. वाफे ते करते, निंदते ते, पाणी देते ते. मेथी तिची हाये. मी नुसता बांधावर बसतो. त्या दिवशी पंगतीत मी खोटं बोललो."

 रंगरावला हलकं वाटलं. जन्मात वाटलं नसेल एवढं हलकं वाटलं.

आणि मग महादेवरावांनी मान डोलावली. "पाह्यलं का? बायकोची बाजू कशी राखते! स्वतः करते अन् नाव तिचं घेते!"

"नाही हो, खरंच," रंगराव घाईघाईने म्हणाला. "मले वाकताच येत नाही. कंबर गेली माही. डॉक्टरले विचारा."

"आणि मोडक्या कंबरेने हा माणूस हे सगळं करतो!" कुलदीप सरांनी माइक ओढून घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते. "किती ही नम्रता! बंधू-भगिनींनो, उभे राहा!"

सगळं मैदान उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. बेबीताई पदराने डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या, "असा नवरा सात जन्मात नाही भेटत माय." रंगराव माइककडे हात करत राहिला, पण माइक आता दुसऱ्याच कोणाकडे गेला होता. हसावं की रडावं? खोटं बोललो ते लोकांनी खरं मानलं, खरं बोललो ते मोठेपण ठरलं. या लोकांशी बोलावं तरी कोणत्या भाषेत?

शाल घडी करून बगलेत मारून तो सरळ शेतात गेला. सरस्वतीबाई पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून वाफ्याचं तोंड फोडत होती. त्याला पाहताच तिने फावडं रोवलं.

"सांगितलं?"

"सांगितलं. समदं सांगितलं. वाफे तुहे, पाणी तुहं, मेथी तुही. मी खोटा हेबी सांगितलं."

तिचा चेहरा असा खुलला की रंगराव बगलेतली शाल चाचपायला लागला. "मंग? काय म्हणले लोक?"

"टाळ्या वाजवल्या."

"समद्यायनं?"

"समद्यायनं. उभं राहून."

तिने चिखलाचे हात पदराला पुसले. पन्नाशीची बाई, पण नवख्या पोरीसारखं लाजून तिने विचारलं, "माह्यासाठी?"

हो म्हणावं असं रंगरावच्या अगदी ओठावर आलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बांधाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "माह्यासाठीच."