मागच्या सीटवरचं झाड

सवारी उतरली की भाऊ पैसे घ्यायच्या आधी ऑटोच्या मागच्या सीटवरून हात फिरवायचे. मग सीट उचलून खाली डोकावायचे. "पाहा बाई, काई राह्यलं तं नाई ना?" तुम्हालाही असा एखादा ऑटोवाला भेटला असेल. मला तो बल्लारपुरात शेजारीच मिळाला. मध्ये फक्त कमरेएवढी भिंत.

त्यांच्या ओसरीत विसरलेल्या सामानाचं दुकानच होतं. छत्र्या, डबे, चपला, एकदा तर कवळी. तिचा मालक शोधत आला, तेव्हा भाऊंनी ती धुऊन, स्टीलच्या वाटीत घालून, वर झाकण ठेवून परत केली.

तसंच एक रोप आलं. दक्षिणेकडच्या गाडीने आलेला कोणी प्रवासी काळ्या पिशवीतलं रोप सीटवर विसरून गेला. भाऊ ते रोज स्टेशनवर घेऊन जायचे, मालक दिसतो का बघायचे आणि परत आणायचे. शेवटी पिशवी फाटली आणि रोप आमच्या भिंतीलगत त्यांच्या अंगणात लागलं.

"माहं नाई हे. मालक येईन तं देऊन टाकीन."

झाड भिंतीच्या वर गेलं तरी हेच. मी चिडवायची, "भाऊ, आता मालक हे पिशवीत कसा नेईन?"

"ते त्याचं तो पाहीन, बाई."

आमच्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पानं करपायची. भाऊ झाडावर हिरवी जाळी बांधायचे, बुडाशी ओलं पोतं घालायचे. त्यांच्या बायकोचा संताप व्हायचा. "घरात कूलर बंद पडला हाय, अन् याइनं पाहुण्याले मांडव घातला!"

शेवटी पाहुण्याला फळं धरली. पिवळी, पाच धारांची, आडवी कापली की चांदणी. भाजीवाल्याने नाव सांगितलं, कमरख. आमच्या गल्लीत ते कोणी खाल्लेलं नव्हतं.

तोवर आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी चंद्रपूरच्या फेऱ्या चालत, भाऊंच्याच ऑटोतून. भाऊ मूळचे धानोऱ्याकडचे. त्यांच्या घरची रीत अशी, की नव्या झाडाचं पहिलं फळ लावणाऱ्याने खायचं नाही. आधी देवापुढे ठेवायचं, मग आजारी माणसाला द्यायचं. त्यांनी सगळ्यांत मोठं फळ निवडलं, चांदण्या कापल्या, जरासं मीठ लावलं आणि बशी भिंतीवरून पुढे केली.

"दादा, पयला मान तुमचा."

पथ्याच्या जेवणाने ह्यांच्या तोंडाची चव गेलेली. त्यांनी बशी चाटूनपुसून साफ केली. कितीतरी दिवसांनी त्यांना चवीने खाताना पाहून मला बरं वाटलं.

संध्याकाळी उचकी लागली. "कोन आठवण काढून राह्यलं?" म्हणून आम्ही हसलोसुद्धा. पण उचकी थांबेना. मग हे असंबद्ध बोलू लागले, मला ओळखेनात. भाऊंनी ऑटो काढला.

डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. मी फळाचं सांगताच त्यांचा चेहरा बदलला. किडनीच्या रोग्याला हे फळ विषासारखं, म्हणाले. मग आवाज चढवून विचारलं, "कोणी दिलं? कुठून आणलं?"

मला वाटलं, आता भाऊ नेहमीसारखं "माहं नाई हे" म्हणतील. म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. ते पुढे आले, हात जोडले.

"माह्या झाडाचं हाय, साहेब. मीच लावलं, मीच देल्लं."

इतक्या वर्षांत ते झाडाला पहिल्यांदा माझं म्हणाले.

पुन्हा पुन्हा डायलिसिस करून डॉक्टरांनी ह्यांना परत आणलं. भाऊ तोवर दवाखान्याच्या पायरीवरून हलले नाहीत. आम्ही घरी आलो तसे ते कुऱ्हाड घेऊन झाडाकडे निघाले. हे धड उभेही राहू शकत नव्हते, पण भिंत धरून ओरडले, "काऊन तोडता, भाऊ? झाडाले का माहीत, कोनाची किडनी कशी हाय!"

भाऊंनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि तिथेच बसून रडले.

तेव्हापासून दर बहराला ते स्टूल घेऊन आमच्या बाजूची जांभळट फुलं घोसाघोसाने खुडू लागले. ह्यांची जीभ त्यांना पुरती ठाऊक होती; हात पोचेल तिथे फळ धरायलाच नको. पलीकडच्या फांद्यांची फळं गल्लीत वाटायचे, पण दारात उभं राहून आधी चौकशी: "घरात किडनीचा त्रास तं नाई ना कोनाले?" लोक हसायचे, "भाऊ, फळ देता का तपासनी करता?" भाऊ हसायचे नाहीत.

काही जणी मला विचारतात, त्या माणसाशी तू बोलत कशी राहिलीस? चूक प्रेमातून झाली होती, आणि तिला पाठ न दाखवणारा माणूस मला शेजारी मिळाला होता. आज हे समोर बसून भात कालवतात. त्यात डॉक्टरांचा वाटा आहे, तसा वर्षानुवर्षं आम्हाला नेणाऱ्या-आणणाऱ्या भाऊंचाही आहे. हे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले. ऑटो ताडपत्रीखाली उभा आहे. यंदा झाड पुन्हा फुललं, तेव्हा त्यांची बायको भिंतीशी आली. "बाई, आता तुमच्याकडची फुलं कोन तोडन?"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी स्टूल आणलं. त्यांचा तोल जातो, म्हणून मी स्टूल घट्ट धरून उभी राहिले. खालच्या फांद्या झाल्या तेव्हा म्हटलं, "दमले असान. उतरा आता."

"भाऊनं एकही ठेवलं नसतं," हे म्हणाले, आणि त्यांनी वरची फांदी वाकवली.