देवाला अपुरं पडलेलं क्रियापद

“‘आहे’ खोडा, मॅडम.”

वही माझ्या टेबलावर ठेवून, चष्मा कपाळावर ढकलून सर एवढंच म्हणायचे. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. रविवारी ते चर्चच्या वर्गात मोठ्या मुलांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवत. त्या वर्गासाठी त्यांनी देवाविषयी एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं होतं. मी हिंदू घरातली, कुणाच्या लग्नापलीकडे चर्चमध्ये न गेलेली. पण भाषा तपासायला त्यांना माझ्याशिवाय कोणी मिळालं नव्हतं.

‘देव आहे’ या दोन शब्दांवर आम्ही अख्खं सत्र घालवलं.

“खडू आहे, फळा आहे, प्रिन्सिपल मॅडम आहेत,” ते बोटांवर मोजत सांगायचे, “अन् त्याच रांगेत देव आहे? कसं जमन? या साऱ्यांले ज्यानं असणं दिलं, त्याले तेच क्रियापद कसं लावाचं?”

“मग ‘नाही’ लिहू का?”

“तेही नाही लिहिता येत.” आणि गणित सुटल्यासारखे खूश होऊन हसायचे.

‘जग घडवण्याआधी देव एकटाच होता’ असं मी एकदा सुचवलं, तर ‘आधी’ आणि ‘होता’ दोन्हींभोवती लाल गोल पडले. “काळच नव्हता, तर ‘आधी’ कुठून आणलं मॅडम?” स्टाफरूममध्ये त्यांची भरपूर थट्टा व्हायची. “सर, तुमचा देव काळाबाहेर असेल; तुमचा चौथा तास मात्र सुरू झालाय,” असं प्रिन्सिपल मॅडमनी म्हटलं, की हातातला चहा तसाच टाकून ते जिन्याकडे पळत.

असा एका शब्दासाठी अडून बसणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपल्याला तो हट्ट वाटतो. मलाही वाटायचा, त्यांनी वडिलांचं सांगेपर्यंत. वडील खापा गावचे विणकर. ते गेले तेव्हा सर कॉलेजच्या परीक्षेसाठी नागपुरात होते. निरोप मिळून गावी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं.

“मले उशीर झाला,” ते म्हणाले. “पण जो काळातच नाही, त्याले उशीर होत नाही. तो होता त्यांच्यापाशी.” आपणच ‘होता’ म्हणालो, हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यातूनच त्यांचं आवडतं वाक्य आलं: ‘देवासाठी काहीच होऊन गेलेलं नसतं, प्रत्येक क्षण त्याच्यासमोर आत्ताच आहे.’ ते वाक्य नीट बसवून मी दिलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

मग त्यांच्या मुलीला हाडांचा कॅन्सर निघाला. एकुलती एक, बँकेत नोकरी करणारी. धंतोलीच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं होतं. शनिवारी शाळा सुटली की मी जायचे. एका शनिवारी सरांची वही तिच्या उशाशी होती.

“पप्पा, हे वाक्य तुमचं ना?”

“हो बेटा.” सरांचा चेहरा उजळला.

“म्हणजे मी मेले तरी माझं हे दुखणं देवासमोर चालूच राहीन? आत्ताच असल्यासारखं?”

“तसं नाही बेटा. तुझं लहानपणही आहे त्याच्यासमोर. तुझी पहिली सायकल, तुझं हसणं…”

“ते समजलं मले. पण हेही आहे ना?”

गणिताचा माणूस. चुकीचं उत्तर त्यांना लिहिता येत नसे. त्यांनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

“आहे,” ते म्हणाले.

“मले वाटलं होतं, निदान संपन तरी.” तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

कपाळावरची ओली पट्टी बदलत असलेली तिची आई एकदम म्हणाली, “काहून बोलता जी तुम्ही तिच्याशी असं?”

थोड्या वेळानं मुलगीच म्हणाली, “येशूवर काही लिहिलं नाही काय, पप्पा? तो रडला होता. त्याले दुखलं होतं.”

“तो धडा पुढं आहे.”

“मग तो लिहा ना लवकर.”

त्यानंतरचे दोन शनिवार मी त्यांना बाहेरच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं. पानावर फक्त मथळा होता. तिसऱ्या शनिवारच्या आत ती गेली.

दोन आठवड्यांनी सर शाळेत आले. मला म्हणाले, “मॅडम, ते वाक्य खोडा.”

“चूक वाटतं का आता?”

“नाही. चूक असतं तर राहू दिलं असतं.”

पुस्तक तिथंच थांबलं. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ते खाप्याला भावाकडे जाऊन राहिले. या उन्हाळ्यात ते वारले. मला कळलं तेव्हा माती देऊन झाली होती. त्याआधी एकदाच मी त्यांना भेटायला गेले होते. सरांच्या पत्नींनी जेवू घातलं. चर्चला त्या एकट्याच जातात म्हणाल्या. सर देवाविषयी एक शब्द बोलले नाहीत.

मला सोडायला ते बसथांब्यापर्यंत आले. ऊन उतरलं होतं. रस्त्याकडे पाहत ते म्हणाले, “तिचा चेहरा येते डोळ्यासमोर. आवाज नाही येत. आवाज गेला, मॅडम.”

“येईल सर, आठवेल हळूहळू,” मी म्हणाले. असं काहीतरी म्हणायचं म्हणून.

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न पाहता हलकेच म्हणाले, “पप्पा.” जरा बारीक आवाज काढून पुन्हा म्हणाले, “पप्पा.”

“नाही. असा नव्हता,” ते म्हणाले.

बस आली. मी चढून खिडकीशी बसले. ते रस्त्याकडेला उभे होते आणि त्यांचे ओठ अजून हलत होते.