झाकणाच्या वहीतलं 'उत्तम'

सात वाचनालयं त्यांना 'पेटीवाल्या ताई' म्हणायची. त्या स्वतः मोठ्या वाचनालयाच्या बालविभागात. दहा-बारा वर्षांची मुलं म्हणजे ना धड लहान, ना धड मोठी. चित्रांची पुस्तकं दिली की नाकं मुरडतात, जाड दिली की जांभया देतात. अशांसाठी ताई शनिवारच्या तासाचा अख्खा कार्यक्रम पेटीत भरून पाठवायच्या. कोडी, सूचना, साहित्य, सगळं तयार. झाकणाला दोऱ्यानं वही बांधलेली. कार्यक्रम कसा झाला, ते ज्यानं त्यानं तिच्यात लिहायचं.

'हरवलेल्या पुस्तकाचा तपास' या पेटीच्या वहीत पहिली नोंद ताईंचीच होती: 'उत्तम.' खाली सहा जणींचंही 'उत्तम', 'फारच छान'.

मग सर्वांत लहान वाचनालयातल्या नव्या ग्रंथपालबाईंचा फोन आला.

"ताई, नऊ मुलं आली होती. तपासनिसाच्या टोप्या घालायला सांगितल्या, तर फिदीफिदी हसली आणि एकेक करून निघून गेली. या शनिवारी एकही आलं नाही. समिती म्हणते, महिनाभर बघू, नाहीतर तास बंद. सगळ्यांना जमतं हो, मलाच जमत नाही. मी हे कामच सोडावं म्हणते."

'होतं असं कधीकधी' हे वाक्य ताईंच्या ओठांवर आलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण पलीकडची मुलगी रडत होती, आणि ताईंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"अगं, माझ्याकडे चौदातली अकरा उठून गेली होती."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"मग 'उत्तम' का लिहिलंत?"

"टोप्या माझ्या जाऊबाईंनी शिवल्या होत्या. आठवडाभर खपून. पण ते निमित्त झालं. पेटीवाल्या ताईंची पेटी फसली, हे लिहायला माझाच हात धजेना. राहिलेल्या तिघांनी टोप्या भिरकावल्या आणि पुस्तक शोधायला कपाटं पालथी घातली. तास संपला तरी हलेनात. हेच लिहायचं होतं मी. आता माझ्या नोंदीवर काट मार आणि मी सांगते ते लिही."

पेटी पुन्हा सगळीकडे फिरली आणि अडीच महिन्यांनी ताईंच्या टेबलावर आली. टोप्या तळाशी घड्या घालून ठेवल्या होत्या. ताईंनी आधी वही उघडली. काट मारलेल्या 'उत्तम'शेजारी खरी हकिकत होती. खाली नव्या बाईंनी लिहिलं होतं: 'टोप्यांशिवाय केलं. आधी दोघी आल्या, पुढच्या शनिवारी सहा जण. तास चालू आहे.'

त्याखाली उरलेल्या सहा जणींची अक्षरं होती. कुणाकडे पाच मुलं उठून गेली होती, कुणाकडे सगळीच. शेवटची ओळ सर्वांत जुन्या मैत्रिणीची होती.

'आमच्याकडेही हसली होती. पण वर तुमचं "उत्तम" होतं ना, मग आम्ही काय लिहिणार?'